पेल्यातले पाणी मेणबत्ती विझल्यावर का चढते? हवेच्या दाबाचे घरगुती प्रयोग आणि त्यांची खरी कारणे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वृत्तपत्रांच्या मुलांच्या पानांवर हवेच्या दाबाचे घरगुती प्रयोग हमखास येतात. मुले ती कात्रणे जपून ठेवतात. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात शाळाशाळांतून तेच प्रयोग मांडले जातात आणि परीक्षकांना तीच कारणे पाठ म्हणून दाखवली जातात. त्यातले एक कारण साफ चुकीचे आहे, दोन-तीन अर्धवट आहेत आणि एका प्रयोगात तर मोजले जाते ते हवेच्या दाबाऐवजी भलतेच. आम्ही शालेय विज्ञानाचे प्रयोग शिकवणारे काही शिक्षक आहोत. प्रयोग छापू नका असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उलट अधिक छापा. फक्त प्रत्येक प्रयोगाशेजारी त्याचा पडताळाही छापा, म्हणजे कारण खरे की खोटे हे मुलांना स्वतः तपासता येईल.

पहिला मान मेणबत्तीचा. बशीत बोटभर उंचीची मेणबत्ती तिच्याच वितळलेल्या मेणात रोवायची, सेंटिमीटरभर रंगीत पाणी ओतायचे, मेणबत्ती पेटवून वर काचेचा पेला उपडा ठेवायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. छापील कारण असे असते : ‘मेणबत्तीने हवेतला प्राणवायू संपवला. हवेत प्राणवायू एक-पंचमांश असतो, म्हणून पाणी एक-पंचमांश चढले.’

हे तीन ठिकाणी चुकते. एक, मेणबत्ती सगळा प्राणवायू वापरतच नाही. हवेतला २१ टक्के प्राणवायू सुमारे १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. दोन, जो प्राणवायू खर्च होतो त्याच्या जागी दुसरा वायू येतो. मेण जळताना साधारण ३ भाग प्राणवायू खर्च झाला की २ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाण्याची वाफही होते, पण तिचे काचेवर पुन्हा पाणी होते. कार्बन डायऑक्साइड इतक्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. म्हणजे ५ टक्के प्राणवायू गेला तरी वायूच्या आकारमानात खरी घट पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. तीन, आणि हे डोळ्यांनी दिसते : प्राणवायू खर्च होतो ज्योत पेटलेली असताना, पाणी मात्र बहुतेक सगळे चढते ज्योत विझल्यानंतर.

खरे कारण तापमान. पेला खाली येतो तेव्हा त्यात ज्योतीभोवतीची तापलेली, फुगलेली हवा कोंडली जाते. पेला टेकताना काठाखालून बुडबुडे सुटतात, ती बाहेर पळणारी हवा. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा बशीतले पाणी आत ढकलते. कोंडलेल्या हवेचे सरासरी तापमान ६० अंश असेल आणि ती ३० अंशांवर आली, तर आकारमान ९ टक्के घटते; ९० अंश असेल तर सोळा-सतरा टक्के. पाणी कधीकधी एक-पंचमांशाच्या जवळ पोचते तो निव्वळ योगायोग, आणि नेमका हाच योगायोग चुकीच्या कारणाला इतकी वर्षे जगवतो आहे.

पडताळा सोपा आहे. त्याच पेल्याखाली एक, मग दोन, मग तीन वाढदिवसाच्या मेणबत्त्या लावून पाहा. पेल्यातला प्राणवायू तोच, पण मेणबत्त्या वाढल्या की पाणी जास्त चढते, कारण कोंडलेली हवा जास्त तापलेली असते. दुसरा पडताळा मेणबत्तीशिवाय : कोरड्या पेल्यात केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मिनिटभर सोडा आणि पेला लगेच बशीतल्या पाण्यावर उपडा ठेवा. काहीही जळलेले नसताना पाणी चढते. पेला जाड काचेचा नसावा, एकदम तापून थंड पाण्याला टेकला की तडकतो. पेल्याचा काठ बशीला घट्ट बसत असेल तर पाणी आत शिरायला वाट मिळत नाही आणि प्रयोग फसला असे वाटते; काठाखाली दोन नाणी ठेवावीत. पाणी मात्र नाण्यांच्या वर अर्धा सेंटिमीटर तरी हवे, नाहीतर हवाच आत जाते.

हवेत प्राणवायू एक-पंचमांश आहे हे घरी दाखवायचेच असेल तर त्यासाठी लोखंड गंजवावे. रंगाच्या दुकानात पॉलिश घासायला स्टील वूल मिळते, त्याचा लिंबाएवढा पुंजका घ्या. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी चालणार नाही, ती न गंजणाऱ्या पोलादाची असते. स्टील वूलवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तो काढायला पुंजका दोन मिनिटे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मग पाण्याने खळबळून चांगला झटका. व्हिनेगर तसेच राहिले तर त्याची लोखंडाशी क्रिया होऊन थोडा हायड्रोजन सुटतो आणि मोजमाप बिघडते. पुंजका उंच, अरुंद पेल्याच्या तळाशी पसरून दाबून बसवा, पेला पाण्याच्या ताटलीत उपडा करा, पाण्याच्या पातळीवर रबरबँड चढवा आणि एक-दोन दिवस तसेच ठेवा. रोज ठरावीक वेळी पातळी पाहा, म्हणजे तापमानाचा फरक मध्ये येणार नाही. पाणी हळूहळू हवेच्या एक-पंचमांश जागेपर्यंत चढते आणि थांबते. दुप्पट स्टील वूल घातले तर लवकर चढते, पण थांबते तिथेच. मेणबत्त्या वाढवल्यावर काय झाले होते ते याच्या शेजारी मांडा. दोन्ही प्रयोग एकाच टेबलावर असावेत असा आमचा आग्रह आहे.

आता उपडा पेला आणि पोस्टकार्ड. पेला पाण्याने भरायचा, वर पोस्टकार्ड ठेवायचे, हाताने धरून उलटा करायचा, हात काढायचा. पाणी पडत नाही. छापील कारण : खालून हवा वर ढकलते. हे खोटे नाही. ७ सेंमी व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंमी. समुद्रसपाटीला दर चौरस सेंमीवर हवेचा दाब जवळजवळ एक किलो वजनाइतका (नेमका १.०३ किलो), म्हणजे खालून सुमारे ४० किलोंचा जोर, वरून पाणी जेमतेम चारशे ग्रॅम. पण एखादी चौकस मुलगी पेला अर्धाच भरते. आता पेल्यात वरच्या बाजूला हवा आहे आणि तीही खाली ४० किलोंनीच दाबते आहे. दोन्ही जोर फिटले, मग पाणी का पडत नाही? बहुतेक कात्रणांत याचे उत्तर नसते, आणि प्रयोगातली खरी गंमत इथेच आहे.

उत्तर असे. हात काढताच पाणी आणि कार्ड केसभर खाली येते. आतली हवा तेवढी पसरते आणि तिचा दाब उतरतो. ५ सेंमी पाणी तोलायला आतला दाब फक्त अर्धा टक्का उतरावा लागतो. आत ५ सेंमी उंचीची हवा असेल तर त्यासाठी कार्डाने पाव मिलिमीटर खाली येणे पुरते. काठ आणि कार्ड यांच्यामधली एवढी फट पाण्याचा पृष्ठताण (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण) शिवून धरतो, तिच्यातून हवा आत जाऊ देत नाही. दाब आणि पृष्ठताण दोघे मिळून हे काम करतात.

पडताळ्यासाठी श्रीखंडाचा किंवा दह्याचा प्लास्टिकचा डबा घ्यावा. तळाला तापवलेल्या सुईने भोक पाडून ते बोटाने बंद धरा आणि प्रयोग करा. बोट उचलले की कार्ड आणि पाणी दोन्ही खाली. आत वरून हवा आली, दाब सारखा झाला, पृष्ठताणाला एकट्याला ते वजन पेलत नाही. याच डब्याच्या भिंती हलकेच दाबल्या तरी कार्ड पडते, कारण आतली हवा दाबली जाते. म्हणून लवचीक भांड्यावर हा प्रयोग वारंवार फसतो आणि मुले कार्डाला दोष देतात. चोच असलेले भांडे घेऊ नये, काठ सपाट हवा. वर्तमानपत्राचा कागद भिजून लोंबतो. पोस्टकार्ड, लॅमिनेट केलेले कार्ड किंवा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा उत्तम. भांड्याला साबण राहिला असेल तर पृष्ठताण घटतो आणि काठ सुटतो. बादलीवर करावा, हे सांगायला नको.

थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा डबा चेपण्याचा प्रयोग सर्वांत नाट्यमय. त्यात मोठ्या माणसाने सोबत असायलाच हवे. रिकाम्या डब्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पाणी घाला. सांडशीने धरून मंद आचेवर ठेवा. तोंडातून वाफेचा ठळक झोत येऊ लागल्यावर पूर्ण एक मिनिट जाऊ द्या. याच मिनिटात वाफ डब्यातली हवा बाहेर हुसकते. घाई केली तर हवा आत राहते आणि डबा नुसताच पिचकतो. मग डबा एका झटक्यात उलटा करून परातीतल्या थंड पाण्यात तोंड बुडवा. धप्प आवाज होतो आणि डबा चेपतो. तोंड पाण्यात बुडवले नाही तर बाहेरची हवा सरळ आत जाते आणि काही होत नाही. पाणी फार कमी घेतले तर ते आटते आणि डब्याचा रंग जळून घाण धूर येतो. फार जास्त घेतले तर उलटताना उकळते पाणी हातावर येते. सांडशी धरताना तळहात वर राहील अशी धरा, म्हणजे मनगट सहज फिरते.

इथेही एक आकडा सांगण्यासारखा आहे. ३०० मिलिलिटरचा डबा पूर्ण वाफेने भरलेला असला तरी त्या वाफेचे पाणी होते जेमतेम पाव मिलिलिटरच्या आत, तीन-चार थेंब. एक मिलिलिटर पाण्याची वाफ सुमारे १७०० मिलिलिटर जागा व्यापते. डब्याच्या नुसत्या भिंतीचे क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंमींहून जास्त, म्हणजे आत काहीच उरले नाही तर बाहेरून दोनशे किलोंहून अधिक जोर. जेवणाच्या डब्यात गरम भाजी भरून लगेच झाकण लावले की ते नंतर निघत नाही, त्यामागचे कारण हेच. कुकर निवल्यावर झाकण अडकले तर शिट्टी उचलताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो आणि झाकण सुटते. मात्र कुकरवर कोणताही प्रयोग करू नये आणि झडपेला हात लावू नये. हे प्रत्येक वेळी छापावे.

लहान मुलांसाठी प्लास्टिकच्या बाटलीचा प्रकार चालेल, पण त्यात एक फसवणूक दडलेली आहे. बाटलीत उकळते पाणी ओतले तर बाटलीचे प्लास्टिकच ७०-७५ अंशांच्या पुढे मऊ होऊन आकसते, आणि झाकण उघडे ठेवले तरी बाटली वाकडी होते. याचा दाबाशी संबंध नाही. पाणी ६० अंशांपर्यंतच असावे, बोट क्षणभर बुडवता येईल इतके. पाणी घालून बाटली हलवा, ओतून टाका, लगेच झाकण लावा आणि नळाखाली धरा. पडताळा म्हणून तसेच गरम पाणी घातलेली दुसरी बाटली झाकणाशिवाय ठेवा. ती जशीच्या तशी राहायला हवी. नाही राहिली तर पाणी फार गरम होते.

बाटलीच्या तोंडावर उकडलेले अंडे ठेवून ते आत ‘खेचण्याचा’ प्रयोगही मेणबत्तीच्याच कुळातला आहे आणि त्यालाही प्राणवायूचे तेच चुकीचे कारण चिकटवलेले असते. फुंकर घालून कागद उचलणे, केस वाळवण्याच्या यंत्रावर चेंडू तरंगवणे हे प्रयोग वाहत्या हवेचे आहेत. ते इथे मिसळू नयेत.

वर्तमानपत्राचा प्रयोग वर्तमानपत्रात छापायलाच हवा. बीडिंगची पातळ लाकडी पट्टी टेबलावर ठेवून तिचा ८-१० सेंमी भाग बाहेर काढा. टेबलावरच्या भागावर वर्तमानपत्राचे एक पूर्ण उघडलेले पान पसरून हाताने सारखे करा, खाली हवा राहू देऊ नका. बाहेरचे टोक हळू दाबले तर पान निमूट वर उचलले जाते. रुळाने झटकन फटका मारला तर पान जागचे जवळजवळ हलत नाही, पट्टीच मोडते. छापील कारण सांगते की पानावर साडेतीन टन हवा बसलेली असते. उघडे पान सुमारे ६६ बाय ५४ सेंमी, म्हणजे हिशेब चुकत नाही. पण तेवढाच दाब खालूनही असतो, नाहीतर एरवी पान उलटताच आले नसते. खरी गोष्ट अशी की पान झटक्यात वर जाऊ लागते तेव्हा त्याच्याखाली शिरायला हवेला सवड मिळत नाही, तिथला दाब क्षणभर थोडा घटतो आणि वरचा दाब जड ठरतो. साडेतीन टन कधीच लागू होत नाहीत, त्यांचा अगदी छोटा अंश लागू होतो आणि तोच पुरतो. पडताळा : तेच पान घडी घालून वहीएवढे करा आणि पुन्हा फटका मारा. वजन तेच, क्षेत्रफळ कमी. आता पान उडते. प्लास्टिकची फुटपट्टी वापरू नये, तिचे तुकडे डोळ्यांकडे उडतात.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती बाटली आणि फुग्याच्या ‘वायुभारमापका’त. बरणीच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधतात, त्यावर स्ट्रॉ चिकटवतात आणि स्ट्रॉचे टोक खाली-वर झाले की दाब बदलला असे लिहून ठेवतात. कोंडलेली हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिचा दाब सुमारे ३.३ हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढतो. आपल्याकडे दिवसभरात तापमान दहा अंशांनी सहज बदलते. उलट बाहेरच्या हवेचा दाब साध्या दिवशी बदलतो किती? उष्ण कटिबंधात तो ठरल्या वेळी दिवसातून दोनदा वर-खाली होतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळी दहा ते दुपारी चार हा फरक दोन-चार हेक्टोपास्कलचा. तेव्हा फुग्याची बरणी तापमापी म्हणून काम करते, दाबमापक म्हणून नव्हे. उपाय म्हणजे बरणी पाण्याने भरलेल्या मोठ्या माठात गळ्यापर्यंत बुडवून सावलीच्या खोलीत ठेवणे, शेजारी तापमापी ठेवणे आणि तापमान अर्ध्या अंशाहून कमी बदलले असेल तेव्हाच्याच नोंदी धरणे. हे जमत नसेल तर काही मोबाइल फोनमध्ये दाबाचा संवेदक असतो, तो वापरावा. त्यावर दहा वाजताचे शिखर आणि चारची दरी स्पष्ट दिसते. लिफ्टने दहा मजले चढले तर आकडा साडेतीन हेक्टोपास्कलने उतरतो, कारण समुद्रसपाटीजवळ दर ९ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो.

घाट उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक फुकट प्रयोग करता येतो. लोणावळ्याला एक लिटरची पातळ रिकामी, कोरडी बाटली उघडी ठेवून मग झाकण घट्ट लावा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. मुंबईत पोचेपर्यंत बाटली चेपलेली असते. इथे थांबू नका, मोजा. बादलीत बाटली उलटी, तोंड पाण्याखाली धरून झाकण उघडा. बाटली पुन्हा फुगते आणि पाणी आत ओढून घेतल्यासारखे चढते. आतली-बाहेरची पातळी सारखी करून पाण्याखालीच झाकण लावा आणि आलेले पाणी मोजपेल्यात ओता. तापमान दोन्हीकडे सारखे असेल तर लिटरला पासष्ट-सत्तर मिलिलिटर यायला हवे. मुंबईत दहा अंश जास्त उकाडा असेल तर त्यातले तीसेक मिलिलिटर कमी होतात, म्हणून दोन्ही ठिकाणचे तापमान लिहून ठेवावे. फ्रान्समध्ये १९ सप्टेंबर १६४८ रोजी शास्त्रज्ञ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिये पुई-द-दोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढले आणि पाऱ्याचा स्तंभ आठ सेंमींहून अधिक उतरलेला पाहिला, त्याच जातीचे हे निरीक्षण आहे. पारा मात्र घरात आणू नये, त्याची वाफ विषारी असते.

आता तो प्रयोग ज्यासाठी आम्ही खरे तर हे पत्र लिहितो आहोत. तो कोणत्याच पुरवणीत दिसत नाही आणि हवेच्या दाबाचा आकडा हातात देतो. औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरची सिरिंज सुईशिवाय आणा. पट्टीने तिच्यावरच्या शून्य ते १० या खुणांमधले अंतर मोजा. १० भागिले हे अंतर म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ, व्यास मोजायची गरजच नाही. अंतर ५.२ सेंमी आले तर क्षेत्रफळ १.९२ चौरस सेंमी. दट्ट्याला ग्लिसरीनचा थेंब लावा. खोबरेल लावू नका, तेलाने रबर फुगून अडकते. सिरिंजमध्ये थोडे पाणी ओढून टोक वर धरून सगळे बाहेर ढकला, म्हणजे टोकातल्या पोकळीत हवेऐवजी पाणी राहील. टोक रबरी बुचाने घट्ट बंद करा. सिरिंज उलटी, दट्ट्या खाली येईल अशी, दाराच्या कडीला पक्की बांधा आणि दट्ट्याला पिशवी अडकवून तीत पाण्याच्या बाटल्या एकेक करून घाला. दट्ट्या सरकू लागला की थांबा, पिशवी वजन करा.

त्यानंतर बूच काढून हेच पुन्हा करा. आता दट्ट्या जेवढ्या वजनाला सरकतो ते निव्वळ घर्षण. कित्येकदा ते अर्ध्या किलोपर्यंत जाते. पहिल्या वजनातून ते वजा करा आणि क्षेत्रफळाने भागा. मुंबईत उत्तर दर चौरस सेंमीला एक किलोच्या आसपास यायला हवे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे ०.९७. आमच्या मते दहा टक्क्यांच्या आत आलेले उत्तर चांगले मानावे. उत्तर बरेच कमी आले तर बूच गळते आहे किंवा टोकात हवा राहिली आहे; दट्ट्या सरकल्यावर वजन काढून पाहा, तो थेट शून्यावर परतला नाही तर आत हवा शिरली असे समजावे. उत्तर जास्त आले तर घर्षण नीट वजा झालेले नाही. दर वेळी दट्ट्या थोडा मागे-पुढे करूनच सुरुवात करावी, कारण काही वेळ थांबलेले रबर नळीला चिकटते. खाली गादी अंथरावी, बाटल्या पडतातच.

हीच सिरिंज, शक्यतो २० मिलिलिटरची, कमी दाबाला पाणी उकळलेलेही दाखवते. ७० अंशांचे ३-४ मिलिलिटर पाणी ओढा, हवा काढा, टोक बंद करून दट्ट्या जोरात मागे खेचा. पाणी खदखदते. दट्ट्या सोडला की वाफेचे बुडबुडे क्षणात नाहीसे होतात. जे उरतात ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. हा भेद मुलांना आवर्जून दाखवावा.

शेवटी मोठ्या सोसायटीसाठी किंवा शाळेसाठी. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप १२ मीटर घ्या, भिंत जाड असलेला. पातळ पाइप वरच्या टोकाला चपटा होतो. पाणी उकळून निववलेले असावे, म्हणजे विरघळलेली हवा कमी. ते रंगवून पाइप बुडबुड्याशिवाय भरा, एक टोक दोनदा दुमडून तारेने आवळा. दुसरे टोक अंगठ्याने बंद करून बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि मगच अंगठा काढा. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून दुमडलेले टोक दोरीने वर ओढा. हे काम मोठ्यांचे, आणि जवळून विजेच्या तारा गेलेल्या नसाव्यात. मुंबईत सुमारे ९.९ मीटरपर्यंत पाइप भरलेला राहतो. त्याच्या वर कितीही ओढले तरी पाणी तिथेच थांबते आणि वर मोकळी जागा तयार होते. पुण्यात हे ९.३ मीटरच्या जवळपास घडते. उंची बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून सरळ उभी मोजावी, पाइपच्या लांबीने नव्हे. पाणी वरती फसफसते, सुटलेली हवा स्तंभाला वीस-तीस सेंमी खाली ढकलते. पातळी सतत घसरत राहिली तर तारेचा आवळा सुटला आहे. उन्हात पाइप मऊ पडतो, सकाळीच करावे. इटलीतील शास्त्रज्ञ टोरिचेली यांच्या १६४३ च्या पाऱ्याच्या नळीआधी गास्पारो बेर्ती यांनी रोममध्ये असाच पाण्याचा स्तंभ उभारला होता.

या प्रयोगाला महाराष्ट्रात एक वेगळे महत्त्व आहे. जमिनीवरून पाणी ‘ओढणारा’ कोणताही पंप या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही, आणि गळती धरता व्यवहारात सात-आठ मीटरच्या पुढे चालत नाही. म्हणून खोल विंधनविहिरीच्या हातपंपाचे सिलिंडर खाली पाण्यात बुडलेले असते आणि त्यातला दट्ट्या दांड्याने हलवला जातो. १९६० च्या दशकात जालना आणि सोलापूर इथे असे मजबूत पंप घडले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. विज्ञान प्रदर्शनात पाइपशेजारी गावातल्या हातपंपाची आकृती लावली तर मुलांना हे लगेच उमगेल.

आपल्या मुलांच्या पानाकडे आमची मागणी नेमकी आहे. मेणबत्तीचा प्रयोग पुन्हा छापाल तेव्हा ‘प्राणवायू संपतो’ हे वाक्य काढून दोन मेणबत्त्यांचा आणि गरम पेल्याचा पडताळा सोबत द्यावा. फुग्याच्या दाबमापकाखाली तापमानाची सूचना छापावी. आणि २८ फेब्रुवारीच्या आधीच्या अंकात सिरिंजचा प्रयोग आकृतीसह द्यावा. वाचक मुलांकडून गावाचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, खुणांमधले अंतर, दोन्ही वजने आणि उत्तर असे सहा रकाने मागवून ते एका तक्त्यात छापले, तर अलिबागपासून महाबळेश्वरपर्यंतचा उतरता दाब मुलांनीच मोजलेला असेल. तक्ता तपासून देण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

आपले,
शालेय विज्ञान प्रयोग शिकवणारे काही शिक्षक,
पुणे